तापीकाठचा उजेड जलरंगात: निसर्गचित्राची पहिली पावले

भुसावळजवळ तापीच्या दक्षिण काठावरून उत्तरेकडे पाहिले, की चार आडवे पट्टे दिसतात. वर आभाळ, त्याखाली हवा स्वच्छ असेल तर सातपुड्याची निळसर रांग, मग यावलकडच्या केळीबागांची हिरवाई आणि सगळ्यात खाली नदीचे पाणी. नवशिक्यासाठी याहून सोपी रचना शोधून सापडणार नाही. अवघड असते ते या चारही पट्ट्यांवर पडलेला त्या घटकेचा उजेड पकडणे. उजेड सरकायच्या आत आणि खानदेशच्या कोरड्या हवेत रंग वाळायच्या आत तो कागदावर यावा लागतो.

दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांनी हाच ध्यास घेतला होता. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, रेन्वा, पिसारो यांनी मिळून स्वतःचे प्रदर्शन भरवले, तेव्हा चित्रे अर्धवट सोडलेली आहेत अशी टीका झाली. वस्तूंच्या कडा रेखीव नव्हत्या, पण त्या वेळचा प्रकाश बरोबर उतरला होता. पुढे १८९०-९१ मध्ये मोनेने शेतातल्या गंजींची चित्रमालिका केली. विषय तोच, बदलत गेला तो ऋतू आणि प्रहर. आपल्याकडे दादर (रब्बी ज्वारी) काढल्यावर खळ्याजवळ कडब्याच्या गंजी उभ्या राहतातच. मात्र मोने तैलरंगात काम करत होता. तिथे चुकलेल्या जागेवर पुन्हा रंग चढवता येतो. जलरंग पारदर्शक असतो, खालचे काही झाकत नाही. त्यामुळे लूज, म्हणजे मोकळ्या हाताने सहज काढल्यासारख्या, दिसणाऱ्या जलरंगातले बरेचसे निर्णय ब्रश ओला होण्याआधीच झालेले असतात. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात.

साहित्य

काटकसर करायची तर रंगात करा, कागदात करू नका. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड (किंचित खडबडीत) कागद घ्या. २२ × ३० इंचांचा पूर्ण ताव आणून त्याचे ११ × साडेसात इंचांचे आठ तुकडे करा; सुट्या पॅडपेक्षा हे स्वस्त पडते आणि शिकायला हाच आकार बरा. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागताच फुगतो, खळग्यांत पाणी साचते आणि दोनदा ब्रश फिरवला की वरचा थर सुटून लव येते. शिकणाऱ्याला वाटते आपला हात वाईट आहे, आणि दोष असतो कागदाचा. लाकडी लगद्याच्या जाड कागदावर वॉश (पातळ रंगाचा सलग थर) फार लवकर वाळतो आणि नको तिथे कडक कडा उमटतात.

रंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि प्रशियन ब्लू. यांतल्या अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या जोडीवर खानदेशचे निम्मे चित्र होते. दोन्ही समप्रमाणात घेतले की राखाडी मिळतो, सिएना वाढवली की काळ्या मातीचा उबदार गडदपणा येतो आणि निळा वाढवला की सावल्या आणि लांबचे डोंगर. काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. प्रशियन ब्लू आणि क्रिमसन कागदात मुरतात, मागाहून उचलले जात नाहीत, म्हणून ते चिमटीनेच घ्यायचे.

ब्रशमध्ये १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि बारीक फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर. गोल ब्रश दुकानातच पाण्यात बुडवून झटकून बघा; टोक एकत्र येऊन अणकुचीदार झाले नाही तर तो घेऊ नका. याशिवाय पाण्याची दोन भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याला), जुने सुती फडके, मास्किंग टेप, फवाऱ्याची बाटली, २बी पेन्सिल आणि पाटी म्हणून सनपॅक शीटचा (पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचा) तुकडा. पॅलेटऐवजी पांढरे मेलामाइनचे ताट उत्तम चालते, कारण त्यात मोठा वॉश कालवायला जागा असते. बटाणाएवढा रंग काढून मोठे आभाळ रंगवायला बसले, की अर्ध्यात रंग संपतो आणि दुसऱ्यांदा कालवलेला पहिल्याशी जुळत नाही. ताज्या ट्यूबमधून सढळ हाताने काढा. वाळलेला रंग दुसऱ्या दिवशी पाण्याने पुन्हा उठतो, वाया जात नाही.

आधी पाण्याचा सराव

निसर्गचित्राआधी दोन-तीन बैठका नुसत्या पाण्यावर घालवा. रंगाचे तीन दाटपणे हाताला कळले पाहिजेत: बिनदुधाच्या चहासारखा पातळ, दुधासारखा मध्यम आणि मधासारखा दाट. आभाळ पहिल्यात होते, डोंगर-झाडे दुसऱ्यात आणि शेवटचे मोजके गडद फटकारे तिसऱ्यात. ओला रंग वाळल्यावर बराच फिकट होतो, म्हणून प्रत्येक मिश्रण कागदाच्या कडेला लावून, वाळू देऊन बघायची सवय लावा. 'आत्ता जरा जास्तच गडद वाटतोय' असा रंग बहुतेक वेळा वाळल्यावर बरोबर बसतो.

दुसरा सराव कागदाच्या ओलेपणाचा. चपट्या ब्रशने स्वच्छ पाणी फिरवा, कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरपा धरून उजेडाकडे पाहा आणि थांबा. आधी पाणी चमकते. तेव्हा रंग टेकवला तर तो पसरून विरघळतो, आकार राहत नाही. थोड्या वेळाने चमक मंद होते आणि कागदाचे कण दिसू लागतात. मऊ कडांची झाडे, धूसर डोंगर याच टप्प्यावर रंगवायचे. मग चमक पूर्ण जाते, पण बोटांची मागची बाजू हलकेच टेकवली तर कागद गार लागतो. हा टप्पा दगा देणारा आहे. यात पातळ रंग किंवा पाण्याचा थेंब पडला, की तो आधीचा रंग बाजूला ढकलतो आणि वेड्यावाकड्या कडांचा डाग फुटतो. त्या वेळी कागदाला हात लावू नका. गारवा गेला म्हणजे कागद वाळला. आता स्पष्ट कडेचा फटकारा मारता येतो.

नियम असा, की ओल्या कागदावर जाणारा रंग कागदावरच्या रंगापेक्षा दाट हवा. ब्रश धुतल्यावर फडक्याला एकदा टेकवला तरी निम्मे डाग टळतात.

कोरड्या हवेचा बंदोबस्त

जलरंगाचे बरेचसे धडे थंड, दमट प्रदेशातल्या चित्रकारांनी तयार केलेले आहेत. त्यांत सांगितलेला वेळ आपल्याकडे मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि हवेत ओलावा नसतो. आभाळाचा वॉश खाली येईपर्यंत वरचा वाळलेला असतो. यावर उपाय आहेत.

कागद दोन्ही बाजूंनी भिजवा. मागच्या बाजूला चपट्या ब्रशने भरपूर पाणी लावा, पाच मिनिटे मुरू द्या, मग तो सनपॅकवर पालथा न ठेवता सरळ चिकटवा. ओल्या पाठीमुळे तो पाटीला धरून राहतो. मग वरची बाजू भिजवा. खालून ओल मिळत राहते आणि मऊ कडांसाठी लागणारा वेळ कितीतरी वाढतो. या पद्धतीत टेप लागत नाही. कडा उचलू लागल्या तर खाली पुन्हा ओला ब्रश सरकवा.

कपभर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाकले तरी वाळणे लांबते. त्याहून जास्त घातले तर रंग चिकट राहतो आणि शेताच्या बांधावरची धूळ त्यावर बसते. ऐन उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर बाहेर बसूच नका, आणि कोणत्याही ऋतूत कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद झळकतो, लावलेला रंग फिकट वाटतो, म्हणून आपण गडद लावत जातो. घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. निंबाची किंवा स्वतःच्या पाठीची सावली पुरते.

पावसाळ्यात याच्या उलट होते. वॉश अर्धा-अर्धा तास ओला राहतो आणि धीर सुटून वर रंग चढवला की चिखल होतो. तेव्हा कागद भिजवायचा नाही, सरळ कोरड्यावर काम करायचे.

जागा, दिशा, वेळ

तापीकाठावरून उत्तरेला तोंड करून बसले, की हिवाळ्यात सूर्य कधी समोर येत नाही. सकाळी उजेड उजवीकडून, संध्याकाळी डावीकडून, दुपारी पाठीमागून. दुपारी सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि दृश्य सपाट होते, म्हणून ती वेळ टाळा. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा दीड तास सर्वांत चांगला. केळीची पाने उजेडात पेटलेली हवी असतील तर सकाळी पूर्वेकडे तोंड करून बसा. उजेड पानातून आरपार येतो आणि पान पिवळट हिरवे चमकते.

नदीच हवी असे नाही. जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला, चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम, तोरणमाळचा यशवंत तलाव ही सगळी सोप्या मोठ्या आकारांची ठिकाणे आहेत. गावातले धाब्याचे घर तर शिकायला फारच चांगले: सपाट माथा, एक भिंत उजेडात, एक सावलीत, बस्स. पहिली काही चित्रे गजबजलेल्या बाजाराची नकोत.

पाच मिनिटांचे कच्चे चित्र

वहीत तीन इंच बाय दोन इंचांची चौकट आखा. डोळे किलकिले करून समोर पाहा, म्हणजे बारकावे गळून मोठे आकार उरतात. ते फक्त तीन छटांत भरा: कोरा कागद, मधली करडी, गडद. कोरा कागद कुठे राहणार ते इथेच ठरवा, कारण जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तापीच्या दृश्यात तो पाण्यावरच्या चकाकीत आणि एखाद्या नावेच्या कडेवर राहील. कोणती एक छटा जास्त जागा व्यापणार तेही ठरवा. तिन्ही सारख्या वाटल्या की चित्र निर्जीव होते. क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्ये नको.

छटा ओळखायला मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहणे सोपे पडते. चाळीसगावचे केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रे बघायला मिळाली तर जरूर बघा. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी त्यांतून देखावे उभे केले. केवळ छटांच्या बळावर अंतर आणि हवा कशी दाखवता येते, याचा तो उत्तम धडा आहे.

प्रत्यक्ष चित्र

पेन्सिलीने क्षितिज, डोंगराची रेघ, बागेचा वरचा काठ आणि पाण्याची कड एवढेच हलक्या हाताने काढा. केळीचे खुंट काढत बसू नका. पाटीच्या वरच्या कडेखाली अडीच-तीन इंचांचा ठोकळा द्या, म्हणजे रंग सावकाश खाली उतरतो.

आभाळ भिजवा. क्षितिजाजवळ यलो ऑकरचा अगदी पातळ वॉश, त्यात क्रिमसनचा लवलेश. वरून अल्ट्रामरीन आडव्या ओढींनी खाली आणा आणि मध्ये दोन्ही एकमेकांत मिसळू द्या. इथे ऑकरऐवजी लेमन यलो वापरला तर निळ्याशी मिळून आभाळात हिरवा पट्टा येतो. ऑकरचा वॉश डोंगर आणि बागेवरून थेट खालपर्यंत उतरू द्या, फक्त पाण्यावरची ठरवलेली पांढरी जागा चुकवा. सगळ्याखाली एकच उबदार थर असला की चित्राचे भाग एका उजेडात बसतात.

आता सातपुडा. कागदाची चमक मंद झाली, की अल्ट्रामरीनमध्ये थोडा क्रिमसन आणि किंचित सिएना घालून दुधापेक्षा पातळ रंगाने रांग एका ओढीत घ्या. वरची कड थोडी विरघळेल, आणि उन्हाळ्याच्या धुळकट हवेत डोंगर तसाच दिसतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये डोंगर स्वच्छ दिसतो, तेव्हा आभाळ पूर्ण वाळू द्या आणि कड स्पष्ट ठेवा. डोंगराचा पायथा मात्र दोन्ही ऋतूंत स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवून टाका. डोंगर मागे जातो तो त्या पायथ्याच्या धूसरपणामुळे.

केळीबाग हा चित्राचा प्राण आहे, आणि हात बिघडतो तोही इथेच. तयार हिरव्या ट्यूबमुळे बाग प्लॅस्टिकची दिसते. लेमन यलोत अल्ट्रामरीन आणि चवीपुरती सिएना घालून मधला हिरवा करा. उजेडाकडच्या पानांसाठी लेमन यलोत प्रशियन ब्लूचा ठिपका. १२ नंबरचा ब्रश आडवा धरून संपूर्ण बाग एकाच आकारात घाला. वरच्या काठावर ब्रशचे पोट आधी दाबून मग टोकावर उचलत पाच-सात पाने बाहेर काढा. ती सगळी एकाच दिशेला आणि एकाच मापाची नकोत. केळीचे पान वाऱ्याने शिरेपर्यंत फाटते, म्हणून फटकारा मध्ये तुटला तर तो तसाच राहू द्या. बाग ओली असतानाच तळाशी दाट अल्ट्रामरीन-सिएना सोडा. तो वर चढत चढत आतला अंधार तयार करतो. खाली लोंबणाऱ्या सुकलेल्या पानांसाठी सिएनाचे दोन-तीन ठिपके.

मग चमक जाण्याची वाट पाहा आणि नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने तळाकडून वर दोन-तीन उभ्या रेघा खरवडा. रंग बाजूला सरून फिकट खुंट उमटतात. कागद फार ओला असताना खरवडले तर रंग त्या खाचेत उतरून उलट काळी रेघ होते. अर्ध्या मिनिटाचा फरक असतो, तो सरावानेच कळतो.

पाण्यासाठी कागद पुन्हा ओला करून बागेचे प्रतिबिंब उभ्या ओढींनी सरळ खाली आणा. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या बरोबर खाली, आपल्याकडे येते. सावली उजेडाच्या उलट दिशेला पडते. दोन्हींची गल्लत केली की पाणी पाणी राहत नाही. गडद वस्तूचे प्रतिबिंब थोडे फिकट आणि फिकट वस्तूचे थोडे गडद ठेवा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने दोन-तीन आडव्या ओढी भरभर मारा. कागदाच्या खळग्यांत राहिलेले पांढरे ठिपके म्हणजेच चकाकी.

दृश्यात नांगरलेले वावर असेल तर मोठा ब्रश आडवा ओढून सिएना-अल्ट्रामरीन लावा, पुढे गडद आणि मागे फिकट. नांगराच्या तासांच्या रेघा लांब जाताना जवळ-जवळ येतात, तीन-चार पुरतात. ढेकळे एकेक करून रंगवू नका.

शेवटी मधासारखा दाट गडद फक्त चार-पाच ठिकाणी: बागेच्या तळाची एखादी फट, नावेची खालची कड, काठावरची बाभूळ. लांब पडलेली सावली अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि किंचित सिएना घालून एकाच ओढीत टाका. तिच्यावरून दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की तिची पारदर्शकता गेली. माणूस दाखवायचा तर डोके लहान ठेवा, धड एका फटकाऱ्यात, पाय निमुळते. तुम्ही स्टुलावर बसला असाल, तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या जवळच्या-लांबच्या प्रत्येक माणसाच्या छातीजवळून क्षितिजाची रेघ जाते. एवढे सांभाळले की माणसे हवेत तरंगत नाहीत.

एवढे सगळे चाळीस-पन्नास मिनिटांत व्हायला हवे. त्याहून लांबले तर उजेड बदललेला असतो आणि सकाळच्या आभाळाखाली दहा वाजताच्या सावल्या येतात.

चित्र मळकट का होते

एकाच जागी तीनपेक्षा जास्त रंग गेले, अर्धवट ओल्यावर ब्रश घासला, किंवा धुवायचे पाणी गढूळ झाले. बहुतेक वेळा यांतलेच एक कारण असते. मळलेला भाग तसाच वाळू द्या, मग ओल्या स्वच्छ ब्रशने हलके चोळून फडक्याने टिपा. कॉटन कागद हे सहन करतो. वाळायच्या आत दुरुस्ती केली की डाग वाढतो.

चित्र लूज न राहता ताठ झाले, तर ब्रश लहान पडला असे समजा. ६ नंबर हातात आला की बारकावे सुरू होतात. तो शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पिशवीतच ठेवा. सगळ्या कडा स्पष्ट असल्या तरी नजर कुठेच थांबत नाही. ज्या एका जागेकडे लक्ष जावे असे ठरवले असेल, तिथल्या कडा धारदार ठेवा आणि बाकीच्या विरघळू द्या.

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो तेव्हा सहांच्या जोडीला व्हर्मिलियन घ्या. तो कोऱ्या, कोरड्या कागदावर आधी लावून टाका, भोवतीचे करडे जंगल नंतर घाला. हिरव्यावर केशरी टाकायला गेलात तर तपकिरी मिळेल.

टेप लावली असेल तर कागद पूर्ण वाळल्यावर ती चित्राबाहेरच्या दिशेने तिरपी, सावकाश काढा. कागद वाकला असेल तर मागची बाजू किंचित ओली करून, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, वर जड पुस्तके रात्रभर ठेवा. मागे पेन्सिलीने ठिकाण, महिना, वेळ, तोंड कोणत्या दिशेला होते आणि कोणते रंग वापरले ते लिहा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. क्रिमसन उन्हाने उडतो, म्हणून ऊन येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका.